कार्ल्याची खुर्चीमावशी

"भाऊ, बसू नगा, वली हाय ती," असं तिनं मला सांगितलं होतं. अगदी स्वच्छ सांगितलं होतं. पण समोर पावणेसहा फुटी, पिंगट केसांची, निळ्या डोळ्यांची बाई उभी असली की ती काय बोलते याकडे आपलं लक्षच नसतं. आपण मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवत असतो. माझं जुळलं. "थँक यू मॅडम, सो काइंड ऑफ यू," म्हणालो आणि नुकतंच पॉलिश केलेल्या त्या खुर्चीत ऐसपैस बसलो.

उठलो तेव्हा पांढऱ्या पॅन्टची मागची बाजू चहाच्या रंगाची झाली होती. आम्ही निघालो होतो एका साखरपुड्याला. कार्ला फाट्यावर 'जुने फर्निचर' अशी पाटी दिसली म्हणून मी सहज डोकावलो होतो, आणि माझी बायको नंदा बाहेर रिक्षात बसून होती. ती परदेशी बाई मुळीच चिडली नाही. "आता पुन्यांदा घासाय लागंल," एवढंच ती खुर्चीकडे बघून म्हणाली आणि आतून नवऱ्याची एक विजार आणून तिनं माझ्या हातात दिली. त्या साखरपुड्यात मी बेल्जियमच्या सुताराची विजार चार बोटं दुमडून वावरलो. पाहुण्यांना वाटलं, नवी फॅशन असेल. ती परत करायला आम्ही दोघं गेलो, आणि मग जातच राहिलो.

कार्ल्यात तिला सगळे खुर्चीमावशी म्हणत. तिचं खरं नाव लांबलचक होतं, आणि मावळात ज्या अक्षरांची एकमेकांशी कधी ओळख झालेली नाही अशी अक्षरं त्यात शेजारी शेजारी बसली होती. नवरा मात्र सुटसुटीत: यान. दोघं लोणावळ्याला योग शिकायला आली, गुडघ्यांनी मांडी घालायला साफ नकार दिला, म्हणून ती खुर्च्यांच्या मागे लागली, असं मी लोकांना रंगवून सांगत असे. खरी गोष्ट अशी की यान मुळातला सुतार. लोणावळा-खंडाळ्याचे जुने बंगले पाडले जात होते आणि त्यांतलं सागवानी, शिसवी सामान अंगणात उन्हापावसात पडलेलं असायचं. ते त्याला बघवेना. फाट्याजवळ आबा नावाच्या शेतकऱ्याची भाताची गिरणी बंद पडली होती, तिची शेड या दोघांनी भाड्यानं घेतली. यान जुने रंग खरवडायचा, सांधे बसवायचा, पॉलिश करायचा. मावशी खुर्च्यांचा वेत विणायची आणि विक्री बघायची.

मराठी ती वेत विणायला येणाऱ्या गावातल्या बायांकडून शिकली, त्यामुळे तिच्या बोलण्याला पुण्याचं वारं कधी लागलंच नाही. लोणावळ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात ती "बारकं खिळं हाईत का वो?" असं विचारी, आणि दुकानदार "यस मॅडम, व्हॉट यू वॉन्ट?" म्हणे. ती शांतपणे तेच पुन्हा विचारी. खिळे मिळेपर्यंत विचारी.

खुर्ची नुसती बघून विकत घेतलेली तिला चालत नसे. "बसा. चा पिऊन हुईस्तवर बसा, मंग सांगा," असा तिचा नियम. चहा तीच करायची, आल्याचा, भरपूर दुधाचा. त्यामुळे मुंबईहून आलेली मंडळी बसायची, चहा प्यायची, खुर्चीवर पाय घेऊन फोटो काढायची आणि "व्हेरी ऑथेंटिक" म्हणून निघून जायची. शनिवार-रविवारी तिच्या शेडमध्ये खुर्च्यांपेक्षा कप जास्त खपत.

यानला मराठीची दोनच वाक्यं येत: "वलं हाय" आणि "उद्या या". त्याच्या धंद्याला तेवढी पुरत. लोणावळ्यात गिऱ्हाईक येतं ते पावसात, आणि पावसात पॉलिश वाळत नाही; वाळलंच तर पांढरं पडतं, आरशावर वाफ धरावी तसं. चार महिने गिऱ्हाईक दारात आणि यान त्याला उद्या बोलावतोय. मग उन्हाळा येई, पॉलिश असं चकाके की त्यात बघून भांग पाडावा, आणि तेव्हा रस्त्यावर कुत्रं नसे. मी एकदा न राहवून म्हणालो, "मावशी, हा धंदा लोणावळ्यात चालायचा नाही." ती "व्हय" म्हणाली आणि वेताची पुढची दोरी ओढली. तिचा 'व्हय' असा असे. त्यात वाद नसे आणि आशाही नसे.

पण धंदा बुडवण्यात पावसाचा नंबर दुसरा. पहिला मावशीचाच. आपल्याकडे जुनी वस्तू घेणारा माणूस आधी किंमत विचारत नाही, आधी विचारतो, "कुणाची होती?" म्हणजे त्याला ते कळायला हवं असतं असं नाही, 'कुणाची नाही हो, जवळजवळ नवीच' एवढं ऐकायचं असतं. मावशी मात्र सांगायची. "ह्या खुर्चीत एक आजोबा बसायचं. बसल्या बसल्याच गेलं." "हे कपाट एका बाईंचं. नवरा सोडून गेला, तवापासनं त्यांनी ते उगडलंच न्हाई." तिच्या वडिलांचं तिकडं बेल्जियमला असंच जुन्या सामानाचं दुकान होतं म्हणे, आणि तिथं वस्तूची अशी हकिगत कळली की गिऱ्हाईक चार पैसे जास्त द्यायचं. इथं गिऱ्हाईक चपला शोधायला लागायचं.

मी विम्याचं काम करतो. मरणाचं नाव न काढता मरणाचा धंदा करणं, हे माझं कसब. 'काही कमी-जास्त झालं तर' एवढ्या वाक्यावर माझं घर उभं आहे. तेव्हा मी तिची शिकवणी घेतली. "मावशी, 'गेले' म्हणायचंच नाही. 'बंगला रिकामा झाला' म्हणायचं. बास." तिनं मन लावून ऐकलं, मान डोलावली, आणि माझ्या देखतच पुढच्या गिऱ्हाइकाला म्हणाली, "बंगला रिकामा झाला. कारन त्यातली सगळी मेली."

मग यान विसरायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग एकदा फाट्यावरून शेडकडे यायचा रस्ता. तिकडे असलेल्या लेकीचं नाव आठवायलाही त्याला वेळ लागे. पण लाकूड हातात दिलं की गडी पहिल्यासारखा. कुठं किती घासायचं हे त्याच्या हातांना कुणी सांगावं लागत नसे. तळेगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, जे जमतंय ते करू द्या, शक्यतो जागा बदलू नका. मावशीनं हे मला तिच्या पद्धतीनं सांगितलं. "ही शेड हाय तवर यान हाय. शेड गेली का यान गेला."

"असं बोलू नये, मावशी," मी म्हणालो.

"का?"

मी हप्ते गोळा करायचे आहेत असं सांगून उठलो.

आणि शेडच जायला निघाली. आबांच्या मुलांना रस्त्याकडेची जागा हॉटेलला द्यायची होती. आबा भला माणूस. एक दिवस शेडमध्ये येऊन बसले आणि जमिनीकडे बघत बोलले, "मावशी, पोरं आयकत न्हाईत माजं. म्हंत्यात, म्हातारा-म्हातारी नुसती लाकडं घासत बसल्यात. तुळशीच्या लग्नापत्तर येकादा मोठा नग हलवा. धंदा चालतोय येवढं दिसलं, म्हंजी मी त्यांची तोंडं गप करतो."

मोठा नग शेडमध्ये एकच होता. शिसवी पलंग, डोक्याशी कोरलेल्या वेली, खंडाळ्याच्या एका बंगल्यातून आलेला. आता आपल्याकडे माणूस जायला लागलं की त्याला खाली घेतात, खाटेवर जाऊ देत नाहीत. त्या बंगल्यात खाली घ्यायला कुणी नव्हतंच. मालकीणबाई एकट्याच राहत. त्याच पलंगावर गेल्या, आणि पहिल्यांदा कळलं ते दूधवाल्याला. हे अर्थातच मावशी प्रत्येकाला सांगत आली होती, आणि पलंग जागचा हलला नव्हता.

नंदाचं माहेर कामशेत. तिथं तिच्या मावसबहिणीच्या मुलीचं लग्न ठरलं होतं आणि पोरीला पलंग द्यायचा होता. नंदानं नेमका दिवस साधून बहिणीला आणलं. मावशी यानला घेऊन तळेगावला डॉक्टरांकडे गेली होती आणि शेडची किल्ली आमच्याकडे ठेवलेली होती. मावसबहिणीनं वेलींवरून हात फिरवला, खाली वाकून पाय बघितले आणि तो प्रश्न विचारलाच. "ताई, कुणाचा गं हा?"

मी घसा खाकरला. हे माझं खातं. पण नंदाच पुढं झाली. "अगं, पाहुण्यांच्या खोलीतला. वर्षानुवर्षं चादर घालून ठेवलेला. कुणी पाठसुद्धा टेकली नाही त्याला." इतकं साधं, इतकं सरळ बोलली की क्षणभर माझाही विश्वास बसला. एवढ्या वर्षांच्या संसारात हिनं मला काय काय सांगितलं असेल, याचा मी घरी पोचेपर्यंत विचार करत होतो. संध्याकाळच्या आत पलंग टेम्पोतून कामशेतला गेला. आबांनी पोरांना बोलावून रिकामी जागा दाखवली.

मावशी परत आली, तिनंही ती रिकामी जागा बघितली आणि नंदाचा हात धरून उभी राहिली. आम्ही तिला इतकं मोकळं हसताना कधी बघितलं नव्हतं. मग तिनं विचारलं, "आन बाईंचं सांगितलंत न्हवं?"

"मावशी, आता कशाला ते!" नंदा म्हणाली.

मावशीनं नंदाचा हात सोडला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोवाल्याकडून घराचा पत्ता घेऊन तिनं कामशेतची गाडी पकडली. लग्नघरी बायका पापड लाटत बसल्या होत्या. त्यांच्या मधोमध उभं राहून तिनं सांगितलं, "त्या पलंगावर एक बाई गेल्यात. लय भल्या व्हत्या. तुमाला म्हाईत असावं." पलंग त्याच दिवशी परत आला. मावसबहीण नंदाशी आजही बोलत नाही. लग्नाला आम्ही गेलो नाही. म्हणजे बोलावणंच नव्हतं.

नंदा शेडमध्ये शिरली ती चप्पल न काढता. मी मागं मागं. "मावशी, एका मेलेल्या बाईपायी जित्या नवऱ्याच्या जिवावर उठलात तुम्ही!" इतकी स्पष्ट ती माझ्याशीसुद्धा कधी बोललेली नाही.

मावशी वेत भिजवत होती. "त्या बाईंना कुनी न्हवतं, नंदाताई," ती म्हणाली. "पोरीनं रोज त्याच्यावर झोपायचं, आन त्या व्हत्या हे बी तिला कळू द्यायचं न्हाई? आसं कसं?"

"आणि यानचं काय?"

मावशीनं यानकडे बघितलं. येता-जाता पलंगाचा एक पाय खरचटला होता, तो यान पॉलिशपेपरनं घासत होता. पलंग घरी आला म्हणून खुशीत होता.

"यान जाईल," ती म्हणाली. "मला म्हाईत हाय."

नंदा आली तशीच चप्पल वाजवत बाहेर पडली. मी मागं मागं.

तुळशीचं लग्न झालं आणि आबांच्या पोरांनी किल्ली मागितली. आबा त्या दिवशी शेडकडे फिरकले नाहीत. लेकीनं तिकिटं पाठवली. पलंग आपण घरी न्यावा असं एकदा माझ्या मनात आलं, पण आमच्या दोन खोल्यांत तो मावायचा नाही अशी मी स्वतःची समजूत घातली. माप काही घेतलं नव्हतं. शेवटी सगळंच सामान भंगारवाल्याच्या ट्रकमध्ये चढलं, आणि मावशी त्यालाही एकेक वस्तू हकिगतीसकट देत होती. ही खुर्ची कुणाची, ते कपाट कुणाचं, पलंगावर कोण. तो घाईत होता. "मॅडम, अपुन को क्या! अपुन लकडी तोलता है, आदमी नहीं," म्हणाला. तरी ती सांगत राहिली, अगदी शेवटच्या स्टुलापर्यंत.

विमानतळाची गाडी आली. नंदानं बोलणं टाकलं होतं, पण डबा दिला. धपाटे आणि लसणाची चटणी. यान पुढच्या सीटवर बसला आणि समोरच्या प्लास्टिकवर अंगठा फिरवून लाकडाच्या रेषा शोधू लागला. सापडेनात, तेव्हा त्यानं हात मांडीवर ठेवून दिला. मी खिडकीशी वाकून म्हणालो, "या परत, मावशी." विमेवाला तो विमेवालाच.

"न्हाई भाऊ," ती म्हणाली. "आता कसलं येतोय आमी."

होळीच्या सुमाराला तिचा फोन आला. मी उचलला. अशा वेळी माणूस आधी थंडीचं विचारतो, लेकीचं विचारतो, मग हळूहळू विषयाशी येतो. मी थंडीशीच होतो, तेवढ्यात ती म्हणाली, "भाऊ, यान मेला." लेकीच्या घरात त्याला काहीच ओळखीचं वाटेना. रोज दारं उघडून बघायचा आणि शेड सापडत नाही म्हणून रडायचा. शेवटी दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि तिथंच गेला. मी 'सुटले बिचारे' म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात नंदानं माझ्या हातातून फोन घेतला.

त्या भांडणानंतर दोघी पहिल्यांदाच बोलत होत्या. बोलत कसल्या, मावशी सांगत होती आणि नंदा नुसती "हं" म्हणत होती. फोन ठेवल्यावर ती तिथंच कॉटच्या कडेला बसून राहिली. दूध उतू गेल्याचा वास आला, तेव्हा मीच जाऊन गॅस बंद केला. परत आलो तरी ती तशीच.

"काय म्हणत होती?" मी विचारलं.

नंदानं कॉटवरची चादर हातानं सारखी केली. मग म्हणाली, "चाकांचा पलंग होता म्हणे, दवाखान्याचा. आज तिथं दुसऱ्या कुणाला तरी झोपवलं असेल. त्याला कुणी सांगितलं असेल का हो?"