चेअरमनसाहेबांची जागा

सगळा बीड जिल्हा तोंड वर करून आभाळाकडं बघत असताना पाऊस नको म्हणणारा एकच माणूस मी पाहिला, आणि माझं नशीब असं की मी त्याच्याच घरात भाड्यानं राहत होतो. लागोपाठ तिसरं वर्ष कोरडं चाललं होतं. शिरूर कासारात विहिरींचे तळ उघडे पडले होते, टँकर आला की गल्लीत आधी घागरी भांडायच्या आणि मागून बायका. आणि आमचे घरमालक? मावळतीला ढगाची नुसती रेघ दिसली तरी अंगणात येऊन हात जोडायचे. "आत्ता न्हाई रे देवा, आत्ता न्हाई! अजून प्रायमर बी मारला न्हाई." कारण अंगणात त्यांची गाडी उघडी उभी होती. पाण्यानं माणसं जगतात हे त्यांना ठाऊक होतं, पण पत्रा गंजतो हे जास्त ठाऊक होतं.

मी शाळामास्तर. बदली होऊन आलो तेव्हा गावात तीन ठिकाणी खोली बघितली. पहिल्या दोन घरांत आडनाव सांगितल्याबरोबर खोली अचानक भरलेली निघाली. तिसऱ्या घरी हे गाडीखाली आडवे पडले होते. फक्त पाय दिसत होते. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर गाडीखालून आवाज आला, "पाना धरता येतो का?" मी म्हणालो, येतो. "मग सामान आना." एवढीच माझी चौकशी. आडनाव त्यांनी पुढंही कधी विचारलं नाही. मला वाटतं, ते कोणत्या गाडीला बसतं हे त्यांना कळलं नसतं.

गाडी म्हणजे आमच्या भागातल्या सहकारी साखर कारखान्याच्या पहिल्या चेअरमनसाहेबांची पांढरी अँबॅसिडर. घरमालक तिचे ड्रायव्हर. जवानीत ते आणि काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, ऊसतोडीला जात. तिकडं टोळीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. नवरा पुढं ऊस तोडतो, बायको मागून मोळ्या बांधते. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. तीन हंगाम असे काढल्यावर इकडं कारखाना उभा राहिला, यांना ड्रायव्हरची नोकरी लागली, आणि एक कोयता घरी परतला. पण उसाला पाणी लागतं आणि आमच्याकडं तेवढंच नसतं. दुष्काळावर दुष्काळ पडत गेले, कारखान्याची चिमणी थंडावली, चेअरमनसाहेब वारले, सभासद पुन्हा दुसऱ्याचा ऊस तोडायला निघून गेले. गाडी उसाच्या वजनकाट्याजवळच्या लिंबाखाली पडून राहिली. मागच्या सीटवर एक शेळी व्याली म्हणतात. शेवटी भंगार काढलं तेव्हा घरमालकांनी ती घरी आणली. ट्रॅक्टरला दोर बांधून ओढत आणली, पण हे स्टिअरिंगवर टोपी घालून ताठ बसलेले, आणि प्रत्येक वळणावर खिडकीतून हात काढून इशारा करत होते. दारात उभ्या राहिलेल्या काकू म्हणाल्या, "घरात प्यायला पाणी न्हाई आन् ह्यांनी सवत आनली. ती बी पाणी पिनारी!"

तेव्हापासून त्या घरात एकच शब्द. ओरिजिनल! गाडी जशी कारखान्यात पहिल्या दिवशी आली तशी झाली पाहिजे. रंगाचंच बघा. बीडहून रंगारी आला, त्यानं पत्र्यावर चार पांढरे पट्टे ओढून दाखवले. यांनी चारही नापास केले. "हा चुन्यावानी हाय. हा दवाखान्यावानी हाय. साहेबांची गाडी कशी व्हती, ज्वारीच्या पिठावानी. नवी ज्वारी बरं का, जुनी न्हाई." मग काकूंना भाकरी थापता थापता उठवून पिठाची परात बाहेर आणवली. रंगारी परातीकडं बघतोय, काकू नवऱ्याकडं बघताहेत, आणि तवा आत जळतोय. मागच्या बंपरला एक पोचा होता. तो यांनी दोन दिवस ठोकून ठोकून सरळ केला, आणि तिसऱ्या दिवशी डोक्याला हात लावून बसले. "आरं देवा! हा तर पहिल्या हंगामातला. गाळप सुरू करायला मोळी टाकायच्या दिवशीच एका बैलगाडीचं धुरं लागलतं. साहेब हसलते, म्हनलते ऱ्हाऊ दे, सभासदाचा शिक्का हाय." मग चौथ्या दिवशी हातोडी घेऊन तोच पोचा पुन्हा पाडला. मी दिवा धरून उभा होतो. पोचा एक बोट डावीकडं पडला म्हणून तो पुन्हा काढून पुन्हा पाडला.

सुट्या भागांसाठी ते कुठंही जात. लग्नाला गेले तर मांडवात कमी आणि त्या गावच्या भंगारवाल्याकडं जास्त. एकदा मला एका दहाव्याला घेऊन गेले. घरात रडारड चाललेली, आम्ही खाली मान घालून बसलेलो, आणि यांचा एकाएकी श्वास अडकला. लोकांना वाटलं, दुःख अनावर झालं. एकानं पाठीवर हात ठेवला. मी त्यांच्या नजरेमागं पाहिलं तर कोपऱ्यात पाण्याचा माठ, आणि माठाखाली आधाराला हेडलाइटचं चकचकीत कडं! उजव्या बाजूचं. सात महिने शोधत होते ते. त्या माणसाचं काय कौतुक करावं! अर्धा तास डोळे पुसत बसले, पण मागितलं नाही. तेरावा झाल्यावर गेले, माठाला नवी तिवई नेऊन दिली आणि कडं घेऊन आले.

अशी गाडी हळूहळू चकाकायला लागल्यावर मागणारेही आले. लग्नवाले आले, निवडणुकीतले एक उमेदवार आले, आणि माझ्या वशिल्यानं गावातल्या आमच्या समाजाच्या वस्तीतली जयंतीची पोरंही आली. बाबासाहेबांचा फोटो गाडीत ठेवून मिरवणूक काढायची होती. घरमालकांनी पोरांना चहा पाजला, फोटोला हात जोडले आणि म्हणाले, "एवढ्या मोठ्या मानसाला अर्ध्या गाडीत बशिवता व्हय? गाडी अजून पुरी न्हाई." पोरं माझ्यावर चिडली. कुणाला नाही म्हणायचं असेल तर कारण असतंच. यांचं कारण दर महिन्याला नवीन असे, एवढाच फरक.

खरं कारण मला काकूंनी सांगितलं. नोकरीच्या काळात एकदा त्या बाजार करून भर उन्हात रस्त्यानं येत होत्या, डोक्यावर दळण. मागून ही गाडी आली. साहेब मागं झोपलेले होते, आणि घरमालक थांबले नाहीत. मान वळवून बघितलंसुद्धा नाही. कारखान्याची गाडी, सभासदांची गाडी, घरच्या माणसानं तिच्यात बसायचं नाही, हा त्यांचा नियम. "सगळी धूळ तोंडात गेली बघा," असं सांगताना काकू पदर तोंडाला लावून हसायच्या. त्या संध्याकाळी घरमालक जेवले नव्हते म्हणे. म्हणाले होते, एक दिवस तुला साहेबाच्या जागेवर बसवून नारायणगडाला दर्शनाला नेईन. दार मी उघडीन. हे सगळं त्यासाठी चाललं होतं. परात, पोचा, माठाखालचं कडं, सगळं.

"आन् गुरुजी, खरं सांगू का," काकू आवाज बारीक करून म्हणाल्या, "मला मागं बसायचंच न्हाई. उसात ह्यांची पाठ बघत मोळ्या बांधल्या. नोकरीत बी रोज सकाळी पाठच बघितली. आता गाडीत बी पाठच बघू का? मला पुढं बसायचंय. पर तुमी सांगू नगा. लई हौशीनं मागची शीट शिवलीय त्यांनी. हिरमुसतीन."

मी सांगितलं नाही. अजून वाटतं, सांगायला हवं होतं.

कारण काकूंचा दम वाढत चालला होता. बीडच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो बघून सांगितलं, काळीज मोठं झालंय. काकू म्हणाल्या, ते आधीपासूनच मोठं हाय, न्हाईतर ह्यांच्याबरोबर टिकले नसते. पण बाहेर आल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं त्यात विनोद नव्हता. घरमालकांनाही ते कळलं होतं. माणसानं अशा वेळी घाई करावी की नाही? यांनी उलट केलं. जितक्या काकू थकत गेल्या तितकी गाडी यांना अपुरी दिसायला लागली. आता डाव्या मागच्या दाराची काच खालीवर करायचं हँडल जुन्या पद्धतीचं नव्हतं. ते हँडल मिळेपर्यंत गाडी पुरी नव्हती. अंबाजोगाई झाली, अहमदनगर झालं, हँडल काही मिळेना. एका संध्याकाळी ते दार पुसत बसले असताना माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "काका, हँडल मिळंल हो. पण तवर..." त्यांनी फडकं खाली ठेवलं. त्या दारावरून एकदा हात फिरवला. मग फडकं पिळून दोरीवर वाळत घातलं आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच माझं दार वाजलं. बाहेर घरमालक, अंगात पांढरा ड्रेस, डोक्याला कारखान्याची टोपी. "गुरुजी, तुमी पुढं बसा. साहेबाचा पीए पुढं बसायचा. आन् मांडीवर फायली घ्या." आता फायली कुठून आणणार? शाळेची दोन हजेरीपत्रकं घेऊन मी पुढं बसलो. पेटीत जपून ठेवलेलं हिरवं लुगडं नेसून काकू बाहेर आल्या. काखेत घडी केलेली गोधडी, हातात पाच लिटरचा पाण्याचा कॅन, कारण गडावर पाणी मिळेल याचा काही भरवसा नव्हता. घरमालकांनी मागचं दार उघडलं, सलाम केला. गल्लीतल्या बायका दारात आल्या. काकू चेअरमनसाहेबांच्या जागेवर बसल्या आणि त्यांना काय करावं कळेना, म्हणून त्यांनी बायकांना साहेबांसारखा हात केला.

गाडी निघाली. दोन्हीकडं करपलेली रानं, रिकामी झापं, कुलपं घातलेली घरं. ऊसतोडीला गेलेली माणसं अजून लांबच्या कारखान्यांवरून परतायची होती. घरमालक एक शब्द बोलेनात. साहेब मागं असले की ड्रायव्हरनं बोलायचं नसतं. काकू मागून म्हणाल्या, "आवो, गार वारं लागतंय." हे गप्प. "आवो, ती बाभूळ बगा किती मोठी झाली." हे गप्प. मग त्याही गप्प झाल्या. मी हजेरीपत्रकं धरून पुढं बसलो होतो. आरशात मला काकू दिसत होत्या. त्या समोर, घरमालकांच्या पाठीकडं बघत होत्या.

गडाच्या चढाला लागलो आणि बॉनेटमधून वाफ निघायला लागली. रेडिएटर ओरिजिनल होता ना, तो ओरिजिनल तऱ्हेनं गळत होता. नवा बसवा म्हणून गावातल्या प्रत्येक मिस्त्रीनं सांगून झालं होतं. घरमालक उतरले, इकडं तिकडं बघितलं. पाणी कुठलं? आसपास हिरवं पानसुद्धा नव्हतं. अर्धा तास बाभळीखाली बसलो. टोपी काढून ते नुसते गाडीकडं बघत होते, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. मग काकू उठल्या. गाडी थंड झालेली बघून त्यांनी कॅनचं झाकण काढलं आणि सगळं पाणी स्वतःच्या हातानं रेडिएटरात ओतलं. घोटभरही ठेवलं नाही. रिकामा कॅन माझ्या हातात दिला, पुढचं दार उघडलं, गोधडी सीटवर टाकली आणि वर चढून बसल्या.

"अगं, मागं बस की! ती साहेबाची जागा तुझ्यासाठी..."

"पाणी माझं, जागा बी माझी," काकू म्हणाल्या. "साहेबाच्या जागी गुरुजींना बशिवा."

घरमालक आ वासून उभे. मग काय झालं कुणास ठाऊक, ते हसायला लागले. टोपी मागं माझ्याकडं फेकली आणि गाडी चालू केली. आयुष्यात पहिल्यांदा मी चेअरमनच्या जागेवर बसलो. पुढं दोघांच्या पाठी होत्या, आणि दोघं सारखे बोलत होते. गडापर्यंत आणि गडावरून घरापर्यंत. कुठल्या फडात साप निघाला होता, मुकादम कसा बोलायचा, पहिल्या हंगामात खोपीचं पाचट कसं उडालं. मला त्यांनी एकदाही काही विचारलं नाही. मी मागं बसून खिडकीबाहेर बघत होतो आणि मला रडू येत होतं, ते का ते तेव्हा कळलं नाही.

दीड महिन्यानं काकू गेल्या. त्याच वर्षी माझी परळीकडं बदली झाली. पुढं पाऊस झाला, विहिरी भरल्या. कारखाना काही सुरू झाला नाही.

दोन वर्षांनी गेलो तेव्हा गाडी पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, ज्वारीच्या पिठासारखी पांढरी. घरमालक वाळले होते. खिशातून त्यांनी एक फडकं काढलं. फडक्यात ते काचेचं हँडल होतं. मी म्हणालो, "अरे वा, मिळालं! मग बसवलं कावून न्हाई?" त्यांनी हँडल पुन्हा फडक्यात गुंडाळलं. पुढच्या सीटवर काकूंची गोधडी तशीच अंथरलेली होती. मी बघतोय हे त्यांच्या ध्यानात आलं.

"काय करू बसवून, गुरुजी?" ते म्हणाले. "मी उगंच पत्रा ठोकत बसलो. ओरिजिनल काय व्हतं ते शेवटी त्या चढावर कळलं. आता अर्धा कोयता ऱ्हायलाय. किती बी पाने फिरवा, ते जुळत न्हाई."

मग म्हणाले, चला, एक चक्कर मारू. जुन्या सवयीनं मी पुढचं दार उघडायला गेलो. "तिथं नगा," ते हळूच म्हणाले, "मागं बसा." मी मागं बसलो. कारखान्याच्या बंद गेटापर्यंत गेलो आणि परत आलो. या खेपेला माझ्यापुढं एकच पाठ होती.