गढीतलं पेव

गढी पाडायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त राग मलाच आला. भोकरजवळच्या आमच्या खेड्याला दुसरं होतं तरी काय? पोळ्याला गावातले झाडून सगळे बैल आधी गढीच्या दारात मान वाकवायचे, मग मारुतीपुढं. का, तर बहात्तरच्या दुष्काळात मालकानं जमिनीखालची सगळी पेवं उघडून शेवटचा दाणा गावाला वाटला. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, हे इतक्यांदा सांगितलेलं की लातूरला सासरी मीही ऐटीत सांगायचे, "आमच्या गढीचा मालक देवमाणूस होता बाई!"

या उन्हाळ्यात माहेरी गेले तर जेसीबी लागलेला. त्या जागी पंचायत मंगल कार्यालय बांधून राहिली म्हणे. मालक त्या दुष्काळातच अचानक वारले, घरची माणसं हैदराबादला गेली ती गेलीच. तेव्हापासून गढीत कुणी राहिलं नव्हतं, अडवणार कोण? आबांनी मात्र सरपंचाला बजावलं, "दाराची चौकट मला द्या. घरी नेऊन पुजीन." आणि सकाळपासून तिथंच उन्हात बसून राहिले.

दुपारी आतल्या खोलीची फरशी खचली. खाली काळंकुट्ट भोक. "पेव हाय! मागं सरा, आत वाफ असते, उतरलेला मानूस वर येत न्हाई," सरपंच ओरडला. जेसीबीचं तोंड आत गेलं आणि भरून वर आलं. काळं पडलेलं, गोळे झालेलं काहीतरी, आणि वास कुबट, आंबूस. नाकाला पदर लावून मी एक ढेकूळ फोडलं. ज्वारी! अख्खं पेव गळ्यापर्यंत ज्वारीनं भरलेलं.

अगं माय गं! सरपंच पुटपुटला, "मालकाच्या ध्यानात राह्यलं नसंल."

"ध्यानात?" मी उसळले. "पेवभर जोंधळा काय कपाटाच्या किल्लीसारखा विसरतो माणूस?"

आबा उठून आले. मूठभर ज्वारी घेऊन तळव्यावर चोळत राहिले. त्यांची धाकटी बहीण त्या दुष्काळात तापानं गेली, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. मी त्यांचा दंड धरला. "चला आबा, घरी चला."

ते हलेनात. "मी आन् माय तिला घेऊन हितंच आलतो, बाई. मालक म्हनले, पेवं खरडून झाली, दाना न्हाई. आमच्यासंगं रडले बी."

"आबा, बास करा."

"ताप न्हवता तिला. आम्ही दारात बसलो तवा ती ह्या भिताडाची माती खरडून खात व्हती." त्यांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. "मालकाचं भिताड खराब करती म्हनून मी हानलं तिला."