मामांचं शरणपूर

आमच्या मामेसासऱ्यांइतकी शहरं जगात कोणी पाहिली नसतील, आणि तीही एकोडीच्या पडवीतून न हलता. जवाहरनगरच्या कारखान्यातून निवृत्त झाले तेव्हा शेजारच्या क्वार्टरमधल्या ख्रिस्ती मित्राने त्यांना मराठी बायबल भेट दिलं. मारुतीपुढचा दिवा मामांनी एक दिवस चुकवला नाही, पण बायबलातली गावं डोक्यात शिरली ती शिरलीच. "जवाईबापू, गावाले मानसासारखा सभाव असते जी," हे मी किमान शंभरदा ऐकलंय. भंडाऱ्याचं बसस्टँड म्हणजे बाबेल, कोणाचं कोणाला समजत नाही. त्यांची स्वतःची सासुरवाडी म्हणजे निनवे. खुद्द देवाने जा म्हटलं तरी माणूस उलट्या दिशेची एसटी धरतो. हे मामींच्या कानावर गेलं त्या दिवशी मामांना वरणाशिवाय भात गिळावा लागला. एकदा कागद अडला म्हणून एका कचेरीला यरीहो, म्हणजे सात फेऱ्यांनी तटाची भिंत कोसळलेलं शहर, ठरवून त्यांनी सात फेऱ्या मारल्या. सातव्या फेरीला शिपाई बाहेर येऊन म्हणाला, "साहेब सुट्टीवर हायेत." मामा खूश. भिंत नाही, पण शिपाई तरी हलला.

मागच्या धानाच्या रोवणीत मात्र आमचं हसू पळालं. एकोडीतल्या शेजाऱ्याने ट्रॅक्टर मागे घेतला आणि मामांचा बैल ट्रॉलीखाली गेला. वासरू असल्यापासून हाताने चारलेला बैल. मामांची दोन्ही पोरं काठ्या घेऊन धावली आणि घाबरलेला शेजारी पळाला तो थेट मामांच्याच पडवीत. कारण बायबलात नकळत जीव घेणाऱ्याने शरणपुरात पळावं, तिथं त्याला कोणी हात लावत नाही, आणि एकोडीचं शरणपूर म्हणजे आपली पडवी, हे मामांनीच गावभर सांगून ठेवलं होतं. मामा तिथेच बसून बैलासाठी रडत होते. आता पुस्तक चुलीत जातं, असं मला वाटलं. बऱ्याच वेळाने ते उठले, दारात आडवे उभे राहिले आणि पोरांना म्हणाले, "ठेवा काठ्या. शरनपूर का दुसऱ्याच्याच बैलासाठी असते?"

पण नियम म्हणजे नियम. महायाजक, म्हणजे तिथला मुख्य पुजारी, मरेपर्यंत शरणागताने शरणपूर सोडायचं नाही. दुसरा उमेदवार नसल्याने ते पद मामांनीच घेतलं. मामींनी रदबदली केली म्हणून शेजाऱ्याला झोपायला घरी जायची मुभा मिळाली. संध्याकाळी पडवीत हजेरी सक्तीची, चहासकट.

या हिवाळ्यात मामांना ताप चढला. शेजाऱ्यानेच त्यांना भंडाऱ्याच्या दवाखान्यात आणलं आणि तीन दिवस खाटेपासून हलला नाही. मामा क्षीण हसून म्हणाले, "मी गेलो का तू सुटला रे."

त्याने तोंड फिरवलं. "मले नाही सुटाचं, काका."

प्रत्येक गावाचा अर्थ सांगणाऱ्या मामांनी खाटेवर सरकून त्याला बसायला जागा केली. मी चहा आणायला उठलो.