मागचा डावा टायर

ही हकिगत मी बरीच वर्षं कुणाला सांगितली नाही. एकदा सरळ विचारलं गेलं, तेव्हाही टाळली. आता माझा मित्र राहिला नाही. त्याच्या घरात त्या अपघाताबद्दल जो समज आहे तो चुकीचा आहे, हे ठाऊक असलेला मी एकटाच उरलो आहे. म्हणून लिहायला बसलो.

माझी सगळी नोकरी ठाण्यात माजिवड्याजवळच्या एका खासगी बस कंपनीच्या डेपोत, टायर विभागात गेली. कोणता टायर पुढे लावायचा, कोणता मागे, कोणता नवी नक्षी चढवायला रिमोल्डला पाठवायचा आणि कोणता मोडीत काढायचा, हे ठरवणं माझं काम. मित्र त्याच डेपोच्या वर्कशॉपमध्ये होता. तो कोपरीला राहायचा, मी डोंबिवलीत. त्याला तरुणपणापासून मोटरसायकलवरून लांब फिरायचा नाद. निवृत्तीच्या थोडं आधी वर्कशॉपमध्ये पडून त्याचा उजवा गुडघा दुखावला. ऑपरेशन झालं, पण पाय पुरता वाकेना. गाडी उभी करताना जमिनीवर टेकवून तोल सांभाळायचा म्हटलं तर पायात जोर नाही. दोन चाकांची गाडी सुटली.

काही महिने तो घरात नुसता बसून होता. मग कल्याणच्या एका गॅरेजमधून त्याने आपली जुनी दणकट मोटरसायकल तीनचाकी करून घेतली. मागचं एक चाक काढून तिथे रुंद अ‍ॅक्सल बसवला आणि त्यावर छोट्या मोटारीची दोन चाकं. ब्रेकचं पायडल रुंद आणि खाली घेतलं, म्हणजे न वाकणाऱ्या पायानेही दाबता यावं. अपंगांचं वाहन म्हणून आरटीओत रीतसर नोंद झाली. मागे ऐसपैस सीट होती. त्या सीटवर मी.

त्याच्या मुलाला हे पसंत नव्हतं. "बाबा, पायाचा भरवसा नाही," एवढंच तो परत परत म्हणायचा. शेवटी मित्राने त्याला माझ्यासमोर शब्द दिला. "ज्या दिवशी हा पाय दगा देईल, त्या दिवशी किल्ली तुझ्या हातात. मागायलाही लागणार नाही."

त्या गाडीवर आम्ही अलिबागला गेलो, हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला गेलो, माळशेज तर कितीदा. इंजिन त्याचं, टायर माझे, अशी वाटणी होती. तो मला शास्त्री म्हणायचा. "टायरशास्त्री, आज मुहूर्त आहे का, की राहुकाळ?" असं फोनवर विचारून मग निघायचा दिवस ठरवायचा.

तीनचाकीचे टायर बसच्या किंवा मोटरसायकलच्या हिशेबाने झिजत नाहीत, हे मला तिथे शिकावं लागलं. मोटरसायकल वळणावर कलते म्हणून तिचा टायर गोलसर असतो. तीनचाकी कलत नाही. ती वळते तेव्हा पुढचा टायर रस्त्यावर घासत जातो आणि त्याच्या दोन्ही कडा कुरतडल्यासारख्या होतात. मधे नक्षी शिल्लक आणि कडेला गोटा. पुढचा टायर मी बघता बघता दोनदा बदलला. मागचे दोन्ही मोटारीचे, चपटे. मोटारीच्या मानाने त्यांच्यावर वजन काहीच नाही, म्हणून हवा कमी ठेवायची, नाहीतर गाडी उड्या मारते. आणि वजन नाही म्हणून ते झिजतही नाहीत. वर्षामागून वर्षं गेली तरी नक्षी खोलच्या खोल. मित्राने एकदा विचारलं, "मागचे कधी बदलायचे?" मी म्हणालो, "तू आणि मी बदलू, ते नाही बदलणार." तो खूप हसला. मलाही ते वाक्य आवडलं होतं.

डेपोत टायर वर्षभरात झिजून जायचे. न झिजता म्हातारा झालेला टायर माझ्या हाताखालून क्वचितच गेला होता. रबर उन्हात, उभ्या उभ्या कडक होतं आणि बाजूने चिरतं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण माझी नजर आयुष्यभर नक्षीवर बसलेली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी कोपरीला गाडी धुवायला जायचो. पूजा त्याच्याकडे असायची. वहिनी हळदकुंकू लावायच्या, हँडलला झेंडूचा हार. टायरना काळं पॉलिश मी लावायचो. त्या वर्षी चाकं घासताना मागच्या डाव्या टायरच्या बाजूला बारीक चिरा दिसल्या. नखाने दाबल्या तर उघडल्या. उजव्याला कमी होत्या, पण होत्या.

दोनच दिवसांनी माळशेजला जायचं ठरलं होतं. त्या मापाचे टायर कल्याणच्या दुकानात नव्हते, मागवावे लागणार होते, हे मला माहीत होतं. सांगितलं असतं तर जाणं रद्द झालं असतं. पण ते खरं कारण नव्हे. मागचे बदलावे लागणारच नाहीत, असं मीच त्याला सांगून बसलो होतो. शास्त्री मी होतो. या एका फेरीनंतर बदलू, असं मनाशी म्हणालो आणि पॉलिशचा बोळा चिरांवरून फिरवला. पॉलिश चिरांत भरलं. टायर दुकानातून आणल्यासारखे दिसायला लागले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर मित्र काठी टेकत गाडीभोवती फिरला.

"अगं, टायर बघ याने कसे केलेत," तो वहिनींना म्हणाला. "याच्या लग्नात याचे बूट एवढे चमकत नव्हते."

"लग्नात पॉलिश करायला तुम्ही होतात ना," वहिनी म्हणाल्या.

माळशेज छान झालं. परतताना मुरबाड सोडल्यावर रस्ता सरळ आहे. दुपारची वेळ, ऊन कडक, दोन्हीकडे पिकलेला भात. वेग बेताचा होता. माझ्या डाव्या बाजूला खालून आवाज झाला आणि सीट तिकडे बसली. आधी आवाज, मग सीट. त्यानंतर गाडी डावीकडे ओढली गेली. मित्राचा उजवा पाय पुढे गेलेला मी मागून पाहिला. तो ब्रेकवर पडला होता. पण एका चाकात हवाच नाही म्हटल्यावर ब्रेक काय करणार? रस्त्याची कड सोडून आम्ही दगडांवरून खाली भातात गेलो आणि गाडी आडवी झाली. मला खरचटलं. त्याचा खांदा मोडला.

मुलगा कल्याणच्या हॉस्पिटलमध्ये आला. वडिलांना आत नेल्यावर तो माझ्याजवळ येऊन बसला. तो आधी मुरबाडच्या रस्त्याला जाऊन गाडी पाहून आला होता. टायर दगडांवर फाटून चिंध्या झाला होता.

"काका, बाबा म्हणतात त्यांना काही आठवत नाही. पाय ब्रेकवर पोचला की नाही, तेही सांगता येत नाही म्हणतात. तुम्ही टायरमधले आहात. टायर आधी फुटला की खाली दगडांवर गेल्यावर?"

मी म्हणालो, "सांगता येत नाही."

त्याने मान हलवली. मला वाटतं, त्याचं उत्तर त्याला मिळालं होतं. टायरमधल्या माणसाला सांगता येत नाही, म्हणजे टायरचा दोष नाही.

मित्राने शब्द पाळला. खांदा बांधलेला असतानाच किल्ली मुलाला दिली. गाडी दुरुस्त करून टिटवाळ्याच्या एका माणसाला विकली. तो टेम्पो घेऊन आला तेव्हा मीही तिथे होतो. मित्र गॅलरीत उभा राहून दोर नीट बांधायला सांगत होता. "हँडलला नको बांधू रे, खालून घे." टेम्पो गेल्यावर म्हणाला, "चहा टाक गं."

गाडी गेली एवढ्यावर ते थांबलं असतं तर मी कदाचित हे लिहिलंही नसतं. त्याचा त्या पायावरचा विश्वास गेला. आधी तो काठी घेऊन स्टेशनपर्यंत जायचा, भाजी आणायचा. नंतर जिना उतरताना मधेच थांबायला लागला. "हा केव्हा सोडून देईल, सांगता येत नाही," म्हणायचा. डॉक्टर म्हणाले, पाय होता तसाच आहे, चालत राहा. तो ऐकत नसे. पुढे खाली उतरणंच बंद झालं. मी जायचो, गॅलरीत बसायचो. दर वेळी सांगायचं ठरवून जायचो आणि वहिनी समोर आहेत, मुलगा घरी आहे, आज त्याला बरं नाही, असं काहीतरी सापडायचं. माणसाला न बोलायला कारण लागतं आणि ते मिळतंच.

गेल्या उन्हाळ्यात एकदा वहिनी बाहेर गेल्या होत्या. आम्ही दोघंच होतो. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तोच बोलला.

"एक राहून गेलंय. तुला मी पाडलं. हातपाय मोडले असते तुझे. पायाचं माहीत असून मी गाडी काढली, आणि नंतर कधी तुला माफ कर म्हणालो नाही. माफ कर रे."

त्याने हात पुढे केला होता. मी तो धरला आणि म्हणालो, "जाऊ दे रे, किती जुनी गोष्ट."

त्याला बरं वाटलेलं दिसलं. मग आम्ही दुसरं बोललो. पावसाळ्यात तो गेला.

त्याने मागितलेली माफी मी घेतली. त्या वेळी त्याचा हात हातात असताना मला म्हणायचं होतं ते एवढंच: टायर आधी फुटला. चिरा मी पाहिल्या होत्या. तुझा पाय वेळेवर ब्रेकवर होता, मी मागून बघितला. मला माफ कर.