एअर फिल्टरमधली वाळू

शनिवार पेठेतल्या गॅरेजात मी माझी मोटारसायकल सर्व्हिसिंगला नेली होती. खराडीच्या नोकरीतल्या बोनसवर, वाळवंटात न्यायची म्हणून हौसेने घेतलेली. पण ती ऑफिसच्या पुढे कधी गेलीच नव्हती. शेजारच्या जुन्या गाडीचा एअर फिल्टर मेकॅनिकने झटकला, तर त्यातून भुरुभुरु वाळू पडली.

"जैसलमेरची आहे," बाकावर बसलेल्या बाई म्हणाल्या. पन्नाशीच्या असतील. उन्हाने नाक सोललं होतं. मांडीवरचं हेल्मेट त्या मांजर कुरवाळावं तसं कुरवाळत होत्या. एकट्याच गेल्या होत्या, वाळूच्या टेकड्यांत तंबू ठोकून राहिल्या होत्या.

माझ्या पोटात दुखायला लागलं. निदान त्रास तरी झाला असेल, म्हणून मी विचारलं, "ऊन फार असेल ना?"

"भयंकर."

"वाळूत गाडी पडली असेल?"

"सारखी!" बाही वर करून त्यांनी कोपरावरची खपली दाखवली, नवी पाटली दाखवावी तशी.

"घरचे काही म्हणाले नाहीत?"

"अहो, मी विचारलंच नाही. सांगितलं."

संध्याकाळी हे सगळं मी बायकोला सांगितलं. तिला एकटीला सोडून कसा जाऊ, असं मी मित्रांना नेहमी म्हणायचो. आता ती त्या बाईंना नावं ठेवेल आणि मला जरा बरं वाटेल, अशी आशा होती.

तिने गॅस बंद केला.

"त्या गाडी चालवायला कुठे शिकल्या," ती म्हणाली, "ते विचारलंस का?"