पायरीखालची डबी

संयोगिता एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. सांगलीत विश्रामबागेत वाढली आणि लग्नानंतरही विश्रामबागेतच राहिली. गल्लीतलं कुठलं दुकान कधी गेलं नि त्या जागी काय आलं, हे तिला पाठ असायचं; ऐकायला मात्र कुणाला वेळ नसायचा. पुण्याच्या भाचीने, अपूर्वाने, तिला जिओकॅशिंगचा नाद लावला तेव्हा ती अडचण सुटली.

खेळ सोपा. एक डबी कुठेतरी लपवायची, जागा मोबाइलच्या नकाशावर टाकायची, सोबत एक कोडं घालायचं. ज्याला सापडेल त्याने आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबी होती तिथे सरकवायची. संयोगिताच्या डब्या असत उठून गेलेल्या दुकानांच्या जागी, आणि आत त्या दुकानात मिळणारी एखादी वस्तू. व्यायामशाळेच्या कुंपणात कॅसेटच्या फितीचा तुकडा. पिझ्झाच्या दुकानामागे सायकलच्या व्हॉल्व्हची नळी. शिकवणीवर्गाच्या जिन्याखाली एसटीडी बूथची पावती. रविवारी सकाळी कॉलेजची पोरं आणि निवृत्त मंडळी मोबाइल हातात धरून हिंडू लागली, कोपऱ्यावर उभं राहून वाद घालू लागली. संयोगिता गॅलरीतून बघे आणि खूश होई.

मागच्या गल्लीत जोतीरामचं दुकान होतं, पूजेचं सामान आणि काष्ठौषधींचं. जोतीराम गेला. दुकान लालासाहेबने घेतलं, तिथे मोबाइल आले. जोतीरामची बायको बनुबाई त्याच दुकानाच्या पायरीवर कोथिंबीर, मेथी, लिंबं घेऊन बसू लागली. ‘मावशी, पायरी तुमचीच,’ असं लालासाहेबने तेव्हाच सांगून टाकलं होतं.

पायरीच्या एका फरशीखाली पोकळी होती. संयोगिताने तिथे डबी सरकवली. आत एक बिब्बा, हळकुंड, काळा दोरा. दोरा सुटू नये म्हणून त्याला सुई टोचली. बनुबाईला विचारावं असं तिच्या मनात आलं होतं. पण विचारलं तर कोडं फुटेल, असं तिने स्वतःला पटवलं. पुढे कुणीतरी नियमाप्रमाणे हळकुंड घेतलं आणि बदल्यात किल्लीला अडकवायची कापडी बाहुली ठेवली.

एका रविवारी ती डबी बघायला गेली. पायरीवर बनुबाई नव्हती. उंबऱ्यावर गोमूत्र शिंपडलेलं होतं. लालासाहेबने आपणहून सगळं सांगितलं. समोरचा रस्ता खोदल्यापासून गिऱ्हाईक तुटलंच होतं, का ते आता कळलं, म्हणाला; कुणीतरी करणी केली होती.

“ताई, फरशी बदलायला काढली म्हणून दिसली. बाहुली, सुई, बिब्बा, काळा दोरा. सगळं कसं बयाजवार मांडल्यागत. असलं सामान ह्या गल्लीत कुणाच्या घरात असणार, तुमीच सांगा.”

“बनुबाई कुठंय?” संयोगिताने विचारलं.

“सांगितलं, दुसरीकडं बस म्हणून. लय बोललो न्हाई. वय हाय तिचं.”

त्याच वेळी सांगायचं होतं. तोंड उघडलंही होतं. पण दुकानात आणखी दोघे उभे होते, आणि संयोगिताने गरज नसताना मोबाइलचं एक कव्हर विकत घेतलं आणि ती घरी आली. नकाशावरून ती जागा काढून टाकली. नवरा, पुष्कर, म्हणाला की जाऊन सांगून टाक, एवढं काय त्यात. ती म्हणाली, सांगते. तो आठवडा तिने ग्रंथालयात जायला लांबचा रस्ता धरला. कारण जवळच्या रस्त्यावर, विजेच्या डीपीखाली, उन्हात बनुबाई बसलेली असायची, आणि बायका दुसऱ्या कडेने जायच्या.

पुढच्या रविवारी ती लालासाहेबकडे गेली आणि उभ्या उभ्या बोलून मोकळी झाली. मोबाइलवर खेळ दाखवला. तो बराच वेळ बोटाने वर-खाली करत राहिला.

“म्हंजे माझं दुकान तुमी बंद पडलेल्यांत घातलं?” त्याने पहिल्यांदा हेच विचारलं.

ते आधीचं दुकान, असं तिने समजावलं. तो हसला, मग ओशाळला. मावशीला तोंड कसं दाखवू, तुमीच घेऊन या, म्हणाला.

डीपीखाली बसलेल्या बनुबाईने ऐकताना पेंढी बांधायचं काम सोडलं नाही.

“बिब्बा, दोरा, सुई. आमच्याच दुकानातलं की सगळं.”

“हो.”

“मग लोकास्नी दुसऱ्या कुणाचं नाव सुचणार?” तिने पेंढीला गाठ मारली. “आन् हे लालासाहेबानं मला उठवलं, ते तुला कवा कळलं?”

“गेल्या रविवारी.”

“आन् आलीस आज.”

लालासाहेबने पुन्हा पायरीवर बोलावलंय, एवढं संयोगिताने सांगितलं.

“त्यानं बोलावून काय व्हतंय? त्यो काय भाजी घेतोय व्हय माझी? तू चल. माझ्याशेजारी बस. येईल तिला तुझ्या तोंडानं सांग.”

संयोगिता पायरीवर पोत्याचं तरट टाकून बसली. पहिल्या आल्या त्या तिच्याच इमारतीतल्या गोदावरीवहिनी. संयोगिताला तिथे बघून थांबल्या. तिने सांगितलं: खेळ, डबी, बाहुली दुसऱ्याच कुणाची. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं, बरं झालं बाई कळलं ते, म्हणाल्या, आणि कोथिंबीर पुढच्या गाड्यावरून घेतली.

“ही आज न्हाई घ्यायची,” बनुबाई म्हणाली. “तू बस.”

दुसरीने हसून मेथी घेतली. तिसरीला जिओकॅशिंग कळलं नाही, तिला पहिल्यापासून सांगावं लागलं. एकीने भाजी घेतली, पण पैसे बनुबाईच्या हातात न देता तरटावर ठेवले. संयोगिताने ते उचलून बनुबाईला दिले. प्रत्येक वेळी गोष्ट थोडी आखूड होत गेली. ‘डबी मी ठेवली, यांना विचारलं नाही, आणि कळल्यावर आठवडाभर बोलले नाही.’ शेवटचा तुकडा ती आधी गाळत होती. बनुबाईने एकदा नुसतं तिच्याकडे बघितलं, तेव्हापासून तोही सांगू लागली.

ऊन पायरीवर आलं तरी निम्मी कोथिंबीर तशीच होती. बनुबाईने तिच्यावर पाणी शिंपडून ओलं फडकं टाकलं.

“उद्या सकाळी लवकर ये,” ती म्हणाली. “रविवारच्या बायका निराळ्या, सोमवारच्या निराळ्या.”

“उद्या कामावर जायचंय मला.”

“मी बी कामावरच हाय,” बनुबाई म्हणाली.

संयोगिताने तिथूनच ग्रंथपालांना फोन लावून रजा मागितली. त्यांनी कारण विचारलं. ती पहिल्यापासून सांगू लागली.