माझं गाव भांडुप

चौथीत बाईंनी सुट्टीत गावी गेलेल्या मुलाची गोष्ट वाचून दाखवली आणि म्हणाल्या, "आता तुमच्या गावाबद्दल सांगा."

बहुतेक मुलं कोकणातली. कोणी समुद्र सांगितला, कोणी फणस. माझे वडील मात्र गाव कायमचं सोडून आले होते. तिथल्या विहिरीवर आमच्या लोकांना पाणी भरू देत नसत, एवढंच मला ठाऊक होतं.

मी म्हटलं, "माझं गाव भांडुप."

"हे काय गाव आहे?" फणस सांगणारा, चाळीत आमच्या शेजारच्या खोलीत राहणारा मुलगा हसला.

बाईंनी शांतपणे विचारलं, "काय आहे तुझ्या गावात?"

"चाळीचा नळ आहे. तिथं माझी आई आणि ह्याची आई एकमेकींच्या डोक्यावर हंडे चढवून देतात."

बाई त्याला म्हणाल्या, "म्हणजे तुझी दोन गावं झाली."

थोडा विचार करून त्याने मान डोलावली.